बूट आणले की खेळायचं

बुध. १६ सप्टें. २०२०, ॲथलोन, आयर्लंड
पावसात सराव. कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमचा मी नावाला मॅनेजर, खरा धनी कोच नोएल. तो ओरडतो, मी जाळ्या लावतो. आज कॉलेजांच्या लीगची ईमेल आली, पुढच्या वर्षी सामील होता का? नोएल म्हणाला, "वी आर ग्रँड ॲज वी आर." विषय संपला. आम्ही कायम एकटा जीव सदाशिव. ज्या कॉलेजला बुधवार मोकळा, त्याच्याशी मॅच. आणि नोएलचा एकच नियम: बूट घेऊन येईल ती निदान अर्धी मॅच खेळणार. कशीही खेळो.
सई त्या नियमावरच खेळते. माझीच मुलगी, इथे लिहायला हरकत नाही. धावते छान, बॉल पायाशी आला की गोंधळते.

रवि. ११ ऑक्टो.
कॅप्टन ईफाचा फोन. लीगवाल्यांचे सगळे बुधवार आता लीगच ठरवणार. आमच्याशी खेळायला कोणी उरणार नाही. खरं आहे. पण लीगला नावं अठराच द्यायची. मी विचारलं, बाकीच्या पोरींचं काय? सई बाकीच्यांत, हे तिलाही माहीत, मलाही.
माधवीला सांगितलं तर हसायला लागली. "इथे दहा वर्षांत महाराष्ट्र मंडळात नाव घातलं नाहीस, आयरिश पासपोर्टचं ठरवलं नाहीस, आणि तुला विचारतायत सामील व्हायचं का!" मीही हसलो. नंतर बोचलं. बायकोचं बरोबर असलं की जास्तच बोचतं.

गुरु. १४ जाने. २०२१
नोएल गेला. कोविड. ख्रिसमसला फोनवर खोकत खोकत विचारत होता, जाळ्या वाळवल्यास का. हो म्हणालो. वाळवल्या नव्हत्या.

शनि. १६ जाने.
चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी. आम्ही रस्त्याच्या कडेला. मुली अंतर ठेवून उभ्या, जाड कोटांवर टीमच्या जर्सी चढवलेल्या. मैदानापाशी त्याला नेणारी गाडी मिनिटभर थांबली. अठरा नव्हे, सगळ्याच्या सगळ्या आल्या होत्या. खूप रडलो. मास्क ओला झाला.

बुध. १० मार्च
ऑनलाइन मीटिंग. निम्म्या मुली लीगमध्ये जाऊ म्हणतात, निम्म्या नको. नोएल नाही, म्हणजे शेवटचा शब्द माझा. नोएलच्या नियमाबद्दल बोललो. बरं बोललो असं वाटत होतं, तेवढ्यात सईने हात वर केला. "आय'म फॉर जॉइनिंग." शेजारच्या खोलीत होती. एकदा भिंतीतून ऐकू आलं, एकदा लॅपटॉपमधून.
नंतर स्वयंपाकघरात म्हटलं, "अगं, तूच बाहेर बसशील."
"आय नो, बाबा." प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, कप काढत होती, माझ्याकडे पाठ. "आपण जिंकत असलो की दे पास टु मी. बिकॉज दे'र नाइस. मला नाइस नको. नोएल वॉज बीइंग काइंड. यू'र जस्ट बीइंग माय डॅड."
चहा घेतला.

शुक्र. १९ मार्च
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सई स्वतःपुरतं बोलली. पण नर्सिंगची ती अबोल ग्रेस? आठवडाभर वॉर्डात, बुधवारची तेवढी अर्धी मॅच तिची. तिने "नको" म्हटलं, तेही किती हळू. तिला कुठल्या तोंडाने सांगू? आणि मॅचच नसेल तर नोएलचा नियम तरी कुठे चालवू?
नियम ग्रेससाठी वाचवतोय की सईसाठी, की नोएल गेला म्हणून... खरंच कळत नाही.

बुध. १२ मे
सरावाला परवानगी. सगळ्या आल्या, ग्रेसही. जाळ्यांना बुरशीचा वास. त्या लावताना नोएलची फार आठवण आली.
लीगला शुक्रवारपर्यंत कळवायचंय. ईफाने विचारलं, "वेल?" म्हटलं, बघतो. माधवीने ऐकलं असतं तर परत हसली असती.
सराव संपल्यावर सई थांबली. "बाबा, बॉल मार. प्रॉपरली. मला मारतोस तसा नको."
मारला. हळूच गेला. तिने नुसतं पाहिलं माझ्याकडे. मग खरोखर जोरात मारला. तिच्या छातीवर बसला. धावत सुटलो तिच्याकडे.
तिने हाताने थांबवलं, बॉल माझ्याकडे ढकलला. "अगेन."