दामिनीच्या क्रेनचा वेग मी ठरवतो

१२ एप्रिल, शनिवार. सकाळी ६.
दामिनीची नोकरी धोक्यात आहे. हे तिने मला सांगितलेलं नाही. ती रोज आईला, म्हणजे आमच्या दुर्गाबाईला, फोन करते, तिला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू असतो आणि मी शेजारी पेपर वाचत असतो. आपोआप कळतं.
पोरगी मुंबईकडच्या बंदरात कंटेनर उचलायची क्रेन चालवते. प्रोबेशन मेअखेर संपतंय. साहेबांचा शेरा आहे की तासाला जितके कंटेनर हलायला हवेत तितके तिच्याकडून हलत नाहीत. सुधारणा झाली नाही तर परमनंट करणार नाहीत. म्हणजे सामानसुमानासह अकोला.
प्रकरण मी हातात घेत आहे. धरणाच्या दरवाजे उपविभागात एकतीस वर्षं काढली आहेत. समुद्र मी पाहिलेला नाही, पण त्याचा इथे संबंध नाही. वजन म्हणजे वजन.

१३ एप्रिल, रविवार.
दामिनीला स्वतः फोन लावला. आजवर तसं तांत्रिक कारण पडलं नव्हतं. तिने घाबरून विचारलं, "बाबा? आईले काई झालं का?" म्हटलं, आई ठणठणीत आहे, तू लिहून घे. धरणाचा दरवाजा उचलतात तेव्हा तो हललेला डोळ्याला दिसत नाही. चहा घेऊन परत यावं, तेव्हा कुठे वीतभर वर गेलेला असतो. आजवर एकही पडलेला नाही. तेव्हा हळू उचल.
"हाव बाबा," म्हणाली. समजूतदार आहे. माझ्यावर गेली आहे.

१६ एप्रिल.
मोबाईलवर परदेशी बंदरांचे व्हिडिओ पाहिले. लोक डबे भसाभस वर ओढतात. बेशिस्त. परंतु एक गोष्ट माझ्या लक्षात आली. रिकामा डबा जलद नेला तरी चालतो, भरलेला सावकाश न्यावा लागतो. म्हणजे वेग एकच नसतो, वजनाप्रमाणे ठरतो! हा पंजाबराव-नियम. दुर्गाबाईला समजावून सांगितला तर म्हणाली, "हे सांगाले तुमी सकाळपासून मोबाईल पाहून राह्यले का? गॅसचा नंबर कोण लावीन?"
रात्री कळलं की हा नियम क्रेनच्या पुस्तकांत आधीच आहे. त्यांनाही तेच सुचलं हे पाहून बरं वाटलं.
दामिनीला फोन. "हाव बाबा."

१९ एप्रिल, शनिवार.
नुसत्या थिअरीत अर्थ नाही. उद्या प्रयोग. आमच्या जुन्या शहरातल्या गल्लीत घराला घर चिकटलेलं असल्याने गच्चीवरून सरळ खाली दोर सोडता येतो. कोपऱ्यावर बांधकाम चालू आहे, तिथून कप्पी आणली. कंटेनर म्हणून दुर्गाबाईच्या लग्नातली लोखंडी पेटी. तिची परवानगी प्रयोगानंतर घेईन.
खाली उभं राहून इशारे करायला शेजारचे नत्थुजी तयार झाले. एसटीत कंडक्टर होते, शिट्टी अजून आहे. पण माणूस फटकळ. विचारतात कसे, "पंजाबराव, तुमी त तिथं रजेचे अर्ज पाहत होते ना? दरवाजे कवा उचलले?"
रजेचे अर्ज मी पाहत होतो म्हणूनच दरवाजे उचलायला माणसं हजर असत. शिवाय निवृत्तीच्या वर्षी साहेबांनी बटण मलाच दाबायला लावलं, ते काय उगाच?

२० एप्रिल, रविवार.
प्रयोग क्र. १. रिकामी पेटी, पूर्ण वेग. यशस्वी. कार्यक्षमता डोळे दिपवणारी. वर पोचताना पेटी कठड्यावर आदळली आणि एका बाजूने चेपली, पण ती बाजू भिंतीकडे करून ठेवली की दिसत नाही.
निष्कर्ष: वर पोचायच्या आधी वेग कमी करावा. वेगांचा तक्ता सुरू केला, त्यात पहिली नोंद.

२२ एप्रिल. दुपारी ४.
प्रयोग क्र. २. पेटीत तुरीची डाळ, अर्धं पोतं. वेग धरणाचा. पूर्ण सुरक्षित. निम्म्या उंचीवर हात भरून आले. वर घेववेना, खाली सोडवेना. दोर कठड्याच्या गजाला बांधून बसलो. पेटी गल्लीच्या मधोमध लोंबत राहिली. पोरं जमली. दुर्गाबाईला वरणाला डाळ हवी होती. तिने खालून विचारलं, "आता हे उतरते का मी उपाशी राहू?"
शेवटी बांधकामावरचे दोन गडी येऊन उतरवून गेले. तक्त्यात 'विश्रांती टप्पा' हा नवीन रकाना वाढवला आहे. बंदरवाल्यांना हे सुचलं नसणार.
दामिनीला सगळं सांगितलं, पेटीचं सोडून. खूप हसली. कशाला हसली ते विचारायचं राहिलं. मग विषय निघाला म्हणून तिची मेस, तिचं गुडघ्याचं दुखणं वगैरेवर बोलणं झालं. मुद्द्याबाहेरचं बरंच झालं. पुढच्या वेळी कटाक्षाने मुद्द्यावर राहायचं.

२७ एप्रिल, रविवार. पारा ४४.
प्रयोग क्र. ३. दोर ढिला असताना एकदम हिसका दिला तर काय होतं, याचा अभ्यास.
निष्कर्ष: आधी दोर सावकाश ताणून घ्यावा, वजन दोरावर आलं की क्षणभर थांबावं, मगच वेग द्यावा. अत्यंत महत्त्वाचा निष्कर्ष आहे.
नत्थुजींचा कूलर मध्ये आला.

२८ एप्रिल.
कूलर मध्ये आला म्हणजे तो त्यांच्या खिडकीखालीच होता. दोर तुटून पेटी वरून आली. पत्रा, पंखा, मोटर, सगळं गेलं. माणूस कोणी नव्हतं हे नशीब. मिस्त्री म्हणतो, सीझन आहे, महिन्याच्या आत हात लागणार नाही.
अकोल्यात उन्हाळ्यात माणूस शेजाऱ्याचा एखादा अपराध पोटात घालील, पण कूलर नाही. दुर्गाबाईने परस्पर सांगून टाकलं की दुरुस्ती होईपर्यंत नत्थुजी आणि त्यांच्या सौभाग्यवती मायाबाई आमच्या हॉलमध्ये आमच्या कूलरपुढे झोपतील. मी स्वयंपाकघरात. नत्थुजी झोपेतही डबल बेल मारतात.
दामिनीला तिसरा निष्कर्ष कळवला. "हाव बाबा. तुमाले लागलं त नाई ना?" म्हणजे आईने सांगितलेलं दिसतं.

३ मे, शनिवार.
तक्ता पूर्ण. वजन, वारा, दोराचा ताण, सुरुवात, मध्य, शेवट, विश्रांती. सर्व वेग नेमून दिले आहेत. सुरक्षिततेसाठी प्रत्येक आकडा अर्ध्यावर आणला. दामिनीला व्हॉट्सअ‍ॅप केला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. कामात असेल. आठ मजले उंच केबिनमध्ये बसून एवढा तक्ता वाचायचा म्हणजे वेळ लागणार.
थेट तिच्या ऑफिसलाही ईमेल केला. सोबत पत्र: 'आपल्या कर्मचारी कु. दामिनी यांचे वडील या नात्याने नव्हे, तर या क्षेत्रातील अनुभवी व्यक्ती म्हणून...' दुर्गाबाईला सांगणार नाही.

९ मे, शुक्रवार.
दामिनीचा फोन, आणि चक्क माझ्या नंबरवर. आवाज बारीक. "बाबा, तुमी मेल केला का?" केला म्हटलं. म्हणाली, साहेबांनी तो सगळ्या शिफ्टसमोर वाचून दाखवला. मी विचारलं, काय म्हणाले? "हसले."
कौतुकाने हसले असतील. मोठ्या माणसांची तीच पद्धत असते.
मग म्हणाली, "बाबा, पाया पडतो तुमच्या, ऑफिसात नका पाठवू काई. आधीच माहं कसं होईन सांगता येत नाई." नंतर बहुधा रडली. मी वाऱ्याचा रकाना पुन्हा एकदा समजावून सांगितला.
जेवण गेलं नाही.

१२ मे, सोमवार.
निश्चय: आठवडाभर फोन करायचा नाही. मार्गदर्शन बंद झालं की त्याची किंमत कळते.

१३ मे.
फोन केला. तब्येतीची चौकशी म्हणून. निश्चय मार्गदर्शनाबद्दल होता, तब्येतीबद्दल नव्हता.

२४ मे, शनिवार. पारा ४५, पण काही वाटत नाही.
दामिनी परमनंट झाली! दुर्गाबाई फोन हातात घेऊन अंगणात गेली आणि भर उन्हात उभी राहून रडली. मी पेढे आणले. गल्लीत घरोघर देताना तक्त्याचा ओझरता उल्लेख केला. नत्थुजींनी दोन पेढे घेतले आणि म्हणाले, "कूलरचं सार्थक झालं म्हणा मंग." टोमणा होता, पण खरंही आहे.
पुढच्या शनिवारी दामिनीच्या बंदरात कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना काम दाखवायला बोलावलं आहे. विदर्भ एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन केलं. बोलायला सांगितलं तर तयारी असावी म्हणून चार शब्द लिहून घेतले. सुरुवात: 'मी निमित्तमात्र.'

३१ मे, शनिवार. रात्र. दामिनीच्या खोलीवर.
समुद्र पाहिला. मोठा आहे.
आम्हाला क्रेनकडे नेलंच नाही. एका एसी हॉलमध्ये नेलं. ओळीने टेबलं, टेबलावर कॉम्प्युटरचे पडदे, आणि एका टेबलाशी दामिनी. बँकेत बसावं तशी. मी विचारलं, तुझी क्रेन? तिने काचेतून बोट दाखवलं. दूरवर क्रेन उभी होती, डबा वर चालला होता, केबिनमध्ये कोणी नव्हतं.
दामिनीने सांगितलं. डब्याचं वजन मशीन करतं, वारा मशीन पाहतं, दोर मशीन ताणून घेतं, आणि उचलायचा वेगही मशीनच ठरवतं. ती रुजू झाली त्या दिवसापासून. तिच्या हातात फक्त शेवटची हातभर उंची असते, डबा ट्रेलरवर टेकवण्याची. खाली ड्रायव्हर बसलेला असतो म्हणून ती भिऊन फार हळू टेकवायची, तिथे तिचा वेळ जात होता. साहेबांनी पंधरा दिवस शेजारी बसून तिची भीती घालवली.
म्हणजे ती आधीच हळू होती. आणि मी दीड महिना फोन करून काय सांगत होतो? हळू उचल.
"मंग हाव हाव कावून म्हणत होती?" मी जरा मोठ्यानेच विचारलं. आजूबाजूचे बघायला लागले.
ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, नाई म्हटलं असतं त तुमचा फोन बंद झाला असता. चार वर्षं झाली मले घराबाहेर. तुमी पहिल्यांदाच रोज फोन करून राह्यले होते."
दुर्गाबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. मी काचेतून क्रेन बघत उभा राहिलो. भाषण कोणी मागितलं नाही.

२ जून, सोमवार. अकोला. संध्याकाळी ७.
निश्चय: दामिनीला रोज फोन करायचा, आणि क्रेनबद्दल एक शब्द काढायचा नाही. बाप-लेकीला बोलायला काय विषय कमी आहेत? गाडीत बसल्या बसल्या भरपूर सुचले होते.
आता लावला. जेवली का, विचारलं. अजून नाई म्हणाली. तुमी पोचले का नीट, तिने विचारलं. पोचलो म्हटलं. झालं. पुढे काही येईना. सांगायचं पुष्कळ होतं. तिकडून ती नुसती वाट पाहत होती, फोन ठेवत नव्हती.
शेवटी मी विचारलं, आज तिकडे वारा कसा आहे?
"थांबा बाबा, पाहून सांगतो," म्हणाली. खुर्ची सरकल्याचा, मग दार उघडल्याचा आवाज आला. परत येऊन म्हणाली, "लय आहे."
मग सावकाश उचल, मी म्हटलं.
"हाव बाबा."
त्यानंतर मी फोन दुर्गाबाईकडे दिला.