फाटकावरची बिल्याना

३ मार्च

पोचलो एकदाच्या लोमला. बसमध्ये बिल्यानाच्या तोंडाला क्षणभर विश्रांती नव्हती. स्टँडवर उतरून डॅन्यूब नदी दिसली तेव्हा कुठे ती गप्प झाली, आणि तेही बॅग बसमध्येच राहिली की काय असं वाटलं म्हणून. माझी धाकटी बहीण म्हणजे घरात सतत चालू असलेला रेडिओ आहे. बंद केला तर घर ओकंबोकं वाटतं, म्हणून मी करत नाही.

घर छान आहे. खाली मालकीण त्सेनामावशी, वरच्या दोन खोल्या आमच्या. मावशींनी दारातच आमची मनगटं पकडली. मार्च लागून तीन दिवस झाले आणि दोघी शुभशकुनाचा तांबडा-पांढरा दोरा न बांधता हिंडताय, आईबापांनी काही शिकवलं की नाही, असं म्हणत स्वतःच दोरे बांधले आणि मग गरम, पापुद्रेदार बानित्सा पुढ्यात ठेवली. चीज इतकं घातलेलं की बोटं चाटत बसलो.

संध्याकाळी दिग्दर्शक ओग्न्यान राकिया या फळांच्या दारूची बाटली घेऊन आला. दारातून तिरकं होऊन आत यावं लागणारा माणूस, आणि दोन घोटांत डोळ्यांत पाणी. त्याचा सिनेमा अजून जन्मलेलाच नाही. आधी दोन मिनिटांचा ट्रेलर करायचा, तो सोफियात दाखवायचा, निर्माता गळाला लागला तर सिनेमा. ट्रेलर मी जोडणार, नायिका बिल्याना. दोन वर्षं अत्तराच्या दुकानात उभी राहून या एका संधीची वाट बघितली आहे पोरीने. हे जमलं तर तिचं आयुष्य मार्गी लागेल. तिला मी सांगितलं की माझं काम फक्त लोकांना घाबरवायचं आहे. ती म्हणाली, ताई, लहानपणापासून माझ्यावरच तर सराव केलास.

६ मार्च

आज मावशींच्या स्वयंपाकघरात पहिलं चित्रण. बिल्याना टेबलाशी बसून बानित्सा खाते आणि खिदळते, एवढंच. कॅमेरामन कंटाळला. त्याला हवं होतं रक्त. मी त्याला समजावलं की भीतीची सुरुवात नेहमी उन्हातून होते. बघणाऱ्याला आधी त्या बाईचा लळा लागला पाहिजे. मग एखादी बारीकशी चूक, इतकी बारीक की आपल्यालाच भास झाला असं वाटावं. मग चित्रणाचे तुकडे आखूड होत जातात, श्वास घ्यायला जागा उरत नाही. मग आवाज काढून घ्यायचा, सगळाच्या सगळा. आणि जे भिववतं ते दाखवायचं नाही, कधीच नाही. ओग्न्यानला हे इतकं पटलं की तो पुन्हा रडला.

८ मार्च

ओग्न्यानच्या डोक्यात आलं की बाई घरी येते आणि फाटकावर तिला स्वतःच्याच मृत्यूचा कागद दिसतो. चांगली कल्पना आहे. आमच्याकडे कोणी गेलं की फोटो छापून लावतात, काळ्या चौकटीतले ते चेहरे कुठे नसतात? बसथांब्यावर, खांबांवर, दारांवर. आपण त्यांच्याकडे बघतही नाही, म्हणून तर त्यांच्यात आपलाच चेहरा दिसला की नजर हलणार नाही.

मजकूर मी लिहिला. खोटा वाटला तर भीती बसत नाही, म्हणून मन लावून लिहिला. तू गेलीस आणि घरातला आवाज गेला, वगैरे. खाली, शोकाकुल बहीण झोर्नित्सा, म्हणजे मी. छापून आणला, खळ लावून फाटकावर चिकटवला. मावशी फडकं घेऊन धावत आल्या. जिवंत पोरीला काळ्या चौकटीत घालता, हात झडतील मेल्यांनो! ओग्न्यान म्हणाला, शेजारी माझाही लावा, सासूला तेवढाच आनंद. मावशी हसल्या नाहीत.

तुकडा अप्रतिम आला. पण नंतर कागद कोणी काढेना. ओग्न्यानने कॅमेरामनला सांगितलं, त्याने सिगारेट पेटवली. मी दिवे गोळा करायला गेले. असा कागद फाडायला आमचा कुणाचा हात धजत नाही. वारा नेईल, पाऊस नेईल. बिल्याना म्हणाली, राहू दे की, फोटो बरा आलाय.

११ मार्च

आज हसून हसून मेलो. गल्लीतली एक म्हातारी मेलेल्याच्या नावाने वाटतात ती उकडलेल्या गव्हाची वाटी घेऊन आली, वर साखर, अक्रोड. दार बिल्यानाने उघडलं. बाईंनी वाटी तिच्याच हातात दिली, बिल्यानाच्या आत्म्यासाठी म्हणाल्या, देव तिला क्षमा करो. आणि डोळे पुसत गेल्या. बिल्यानाने वाटी चाटून पुसून संपवली आणि निकाल दिला की आपल्या मयताच्या जेवणाला साखर कमी पडली.

रात्रभर पाऊस झाला होता. कागद जसाच्या तसा आहे.

१३ मार्च

मावशींनी जेवायला दोनच ताटं मांडली. मी बोलले तेव्हा कपाळावर हात मारून तिसरं आणलं. वय झालं, म्हणाल्या. ठीक आहे.

पण बेकरीवाल्यानेही बिल्यानाच्या मागच्या माणसाला आधी पाव दिला. मग त्याच्या मागच्याला. शेवटी मी पुढे होऊन घेतला. ती चेष्टेत म्हणाली, ताई, मी बहुतेक दिसत नाहीये. मी म्हटलं, ऐकू तर येतेस ना, कान किटलेत माझे.

परत येताना ती फार बोलली नाही. मला ते अजिबात आवडलं नाही.

१५ मार्च

स्वयंपाकघराचा तुकडा जोडायला घेतला. टेबल आहे. ऊन आहे. बशीत चावलेली बानित्सा आहे. खुर्ची रिकामी आहे.

मूळ चित्रण काढून बघितलं. दुसरी प्रत बघितली. तेच. खिदळणं ऐकू येतं, पण लांबून, भिंतीपलीकडून यावं तसं.

ओग्न्यानला बोलावलं. तो बघत राहिला, मग त्याने मला कडकडून मिठी मारली. बाई दाखवायचीच नाही, काय डोकं आहे तुझं! मी ओरडले, अरे, बिल्याना कुठे आहे यात? त्याने भाबडेपणाने विचारलं, कोण बिल्याना?

ती माझ्या शेजारीच उभी होती. तिने ते ऐकलं.

१६ मार्च

भर दुपारी फ्रिजची घरघर थांबली. मग कुत्री. मग नदीवरचे भोंगे. घड्याळाचा काटा फिरतोय, टिकटिक नाही.

हे मला माहीत आहे. याच कामाचे पैसे घेते मी. आवाज काढून घेतला की पुढे काय येतं —

बिल्यानाचे ओठ हलतात. मला कान तिच्या तोंडाला लावावा लागतो. ती म्हणते, ताई, थंडी वाजतेय. मी तिचा हात धरून बसले आहे. हात आहे, अजून आहे.

थोड्या वेळाने लिहिते — कागद फाडला. सगळ्या गल्लीने खिडक्यांतून बघितलं. बघू दे.

१७ मार्च

सकाळी कागद पुन्हा फाटकावर. ताजा, खळ ओली. धावत छापखान्यात गेले. छापखानेवाला म्हणाला, बाई, तुम्हीच तर काल येऊन दिलात. वर माझं सांत्वन करायला लागला.

मावशींच्या पायाशी बसले. रडले. बिल्याना कोण ते त्यांना आठवेना, पण कागदाचं आठवलं. म्हणाल्या, असा कागद फाडून जात नसतो गं, त्याच्यावर दुसऱ्याचा कागद बसला तरच तो झाकला जातो.

दुसऱ्याचा. कुणाचा? मावशींचा नाही. ओग्न्यानचा? त्या वेड्याचा फोटो आहे माझ्याकडे. बराच वेळ तो हातात धरून बसले, खोटं कशाला लिहू. पण त्याला दोन मुलं आहेत.

वर गेले. पलंग सारखा केलेला होता. हाक मारली. उशीवर हात फिरवला तर एका जागी किंचित ऊब होती. तिथे बसून तिला म्हटलं, थांब, ताई आहे.

१८ मार्च

छापखान्यात माझा फोटो दिला. मजकूर आखूड. शोकाकुल बहीण बिल्याना.

फाटकावर तिच्या कागदावर चिकटवला. तिचा चेहरा हळूहळू झाकला गेला — कपाळ, डोळे, ते बावळट हसू.

कुत्री भुंकायला लागली.

१९ मार्च

आली. आली! जिन्यावरून धडधडत खाली गेली, मावशींशी भांडली की चहात लिंबू का नाही. तिचा आवाज घरभर. मी दारामागे उभी राहून पोटभर ऐकला.

तुकडा लावला. खुर्चीत बिल्याना, तोंडात बानित्सा, डोळ्यांत ऊन. सुंदर दिसते. कोणीही निर्माता वेडा होईल.

ओग्न्यान फोनवर कुणाला तरी सांगत होता — नायिका हिरा आहे, फक्त जोडणारं माणूस अजून मिळत नाही.

ताटं दोन. मावशी आणि ती. बरोबर आहे. मला भूक नव्हतीच.

२० मार्च

थंडी. लेखणी जड —

ती फाटकापाशी थांबली होती. नाव मोठ्याने वाचलं. माझं. मग स्वतःचं. मावशींना विचारलं, ही कोण होती, माझं नाव कसं काय खाली?

मावशी म्हणाल्या, असेल कोणीतरी, बाळा.

मी खिडकीतून हाक मारली. तिने वर बघितलं. क्षणभर — मग वारा आहे असं समजून शाल ओढून घेतली.

मला राग नाही. भीती वाटते. दोन्ही लिहून ठेवते.

जिना चढतेय. गातेय. आवाज अजून येतो मला.

खोलीत आली. टेबलाकडे. इथेच — माझ्याकडेच येतेय. बिल्याना, मी — अगं, बघ —

खुर्ची ओढली तिने. रिकामी समजून बसतेय. मी अजून उठले नाही. मी अजून