आवाज थांबेपर्यंत

अंधेरी,
११ मार्च १९८६

प्रिय नीला,

काल सासूबाईंचा उपास होता. सकाळीच बटाटे सोलायला घेतले आणि किती वर्षांनी, तुझ्याशिवाय, वेफर्स तळले. कुरकुरीत झाले गं. सासूबाईंनी दोनदा मागून घेतले आणि वर म्हणाल्या, आज तुझ्या हाताला पूर्वीची चव आली. मी नुसती हसले.

पूर्वीची चव कुणाची, ते तुला आणि मलाच ठाऊक. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच उपासाला त्यांनी हौसेने किसणी माझ्या हातात दिली होती. मी केले ते पार लिबलिबीत. बटाटाच गोड निघाला, इकडचं तेल वेगळं, काय काय थापा मारल्या मी. मग तू उपासाच्या दिवशी नेमकी 'ताईला भेटायला' मुलुंडहून यायला लागलीस. सासूबाई देवळात गेल्या की कढई चढवायचीस आणि त्या परत येईपर्यंत पाहुणीसारखी चहा पीत बसायचीस. बेरकी कुठली.

पाणी नितळ होईपर्यंत काचऱ्या धुणं, जुन्या धोतरावर पसरून टिपणं, एवढं मलाही यायचं. अडायचं एकाच ठिकाणी. तापल्या तेलात मिठाच्या पाण्याचा चमचा पडला की जी तडतड उठायची, तिला घाबरून मी लगेच झारा घालायची. तू हलायची नाहीस. आवाज पूर्ण थांबल्याशिवाय काढायचे नाहीत, आत ओल असेल तोवर तेल गप्प बसत नाही, असं सांगायचीस. मी कधी थांबलेच नाही. करणारी तू होतीस ना.

मला बघायला आले होते तो दिवस परवापासून डोक्यातून जात नाही. दोघी एकदम दिसलो तर धाकटीलाच पसंत करतील, या भीतीने आईने तुला स्वयंपाकघरात बसवलं आणि बाहेरून कडी घातली. तू मावशीकडे गेलीस असं पाहुण्यांना सांगितलं. मधेच आत झारा पडला. सासूबाईंनी विचारलं, आत कोण आहे? आई पटकन म्हणाली, "कामाची मुलगी आहे, भांडी घासतेय." आणि बशी पुढे करत, "वेफर्स मात्र जयंतीनेच केलेत हं." मी मान खाली घालून बसले होते. बघायला आले की मुलीने तशीच बसायचं असतं.

आईचा राग नाही गं येत आता. वाईट एवढंच वाटतं, की तुझ्या लग्नाची पाळी आली तेव्हा तिला अर्धांगवायू झाला आणि तुला दाखवायचं राहूनच गेलं. तुझं इकडे येणं थांबलं, आमचे वेफर्सही थांबले. पुढे आई गेली, भाऊ थकले. धाकट्या लेकीशिवाय त्यांचं पान हलत नाही असं आम्ही कौतुकाने म्हणत राहिलो. तुझी वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ली, नीला.

परवा भाऊंचं कार्ड आलं. रविवारी कुर्ल्याचे ते मास्तर तुला बघायला येणार आहेत, आणि तू म्हणतेस, या वयात कसलं सजून बसायचं, मी आत तळत असेन, हवं तर त्यांनी डोकावून बघावं. म्हणून हे लिहितेय. मी शनिवारीच येते. काल कढईपाशी आवाज थांबेपर्यंत उभी राहिले, ती याचसाठी. हातावर फोड आलेत, दाखवीन. रविवारी तू बाहेर बसायचंस, माझी मोरपंखी साडी नेसून, मान वर करून. पसंत पडले तर हो म्हण, नाही तर सरळ नाही म्हण. आतलं सगळं मी बघते. दार उघडंच ठेवणार आहे. आणि त्यांनी विचारलं, आत कोण आहे, तर सांग, माझी मोठी बहीण आहे.

तुझीच,
ताई