पोनची डिस्क

प्रिय सुगेंग,

वोनोसोबोच्या थंडीत तुझे बटाटे कसे आलेत? इकडे पेकालोंगानला समुद्राचं पाणी पुन्हा गल्लीत शिरलंय, खुर्ची विटांवर चढवून आपल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसलोय. पाटीवर तुझं नाव अजून आहे. तू गेल्यापासून गिऱ्हाईक वाढलं, हे मात्र लपवत नाही. खराब डिस्क लावायची, दुरुस्तीचा प्रोग्राम सुरू करायचा, हिरवी पट्टी सरकायला लागली की बघणारे खूश. तू प्रत्येकाला आधी विचारायचास, "दुसरी प्रत कुठंय?" एक मास्तर चिडून म्हणाले होते, "अहो, दात दुखतोय म्हणून आलोय, आणि तुम्ही विचारताय घासला होता का!" मी आठवडाभर हसत होतो.

त्याहून जास्त हसलो ते पाच डिस्कना. माझ्या सासूबाईंचे, इबू मुर्तिनाहचे, बाटिकचे कागद पुरात गेले आणि उरले ते फक्त तू आधीच स्कॅन करून ठेवलेले नऊशे बारा नमुने. त्यांच्यासाठी तू पाच डिस्क आणल्यास आणि वर आपल्या पाच दिवसांच्या बाजार-आठवड्याचे वार लिहिलेस: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. मी म्हटलं, "कॉम्प्युटरलाही मुहूर्त लागतो का रे?" तू म्हणालास, "मेण लावणाऱ्या बायका तारीख विसरतील, वार नाही विसरायच्या." ज्या वाराची डिस्क जिच्या घरी, तिनं त्या दिवशी ती आणायची, कॉम्प्युटरला लावायची, एक बटण दाबायचं आणि परत घरी न्यायची. तू गेल्यावर ते सगळं बंद पडलं असणार, असं मी धरून चाललो होतो.

दोन महिन्यांपूर्वी इबूंचा कॉम्प्युटर टकटक वाजायला लागला. तू असतास तर आधी बंद केला असतास. मी दुरुस्ती चालवली, ती अडकली, पुन्हा चालवली. तिसऱ्या खेपेला 'दुरुस्ती पूर्ण' असं आलं. उघडून बघतो तर नावं जाऊन नुसते आकडे. कुठे अर्धं फूल, कुठे पक्ष्याची शेपटी, खाली करडा पट्टा. प्रोग्रामनं डिस्क ठाकठीक केली होती, नमुन्यांशी त्याला काय देणंघेणं? इबूंना आता नीट दिसत नाही, पुन्हा काढणं शक्यच नव्हतं.

इबूंकडे मेण लावणारी यात्मी कढईशी बसली होती. माझा चेहरा बघून उठली, घरी गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली डिस्क घेऊन आली. "आज वागे. कालची पोन माझ्याकडे असते," म्हणाली. दोन वर्षांत त्या बायकांनी एक वार चुकवला नव्हता, आणि घरच्या जावयाला पत्ता नव्हता. सगळे नमुने निघाले. सुगेंग, तुझ्यासारखा कारागीर मी पाहिला नाही. तू शंभर किलोमीटरवर बटाटे काढत होतास आणि तुझं काम इथं बिनबोभाट चालू होतं.

आता खरं लिहितो. पडद्यावर नमुने बघून इबू म्हणाल्या, "रुस्दी, तुझ्या हाताला गुण आहे रे," आणि मी गप्प बसलो. यात्मीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मेण ढवळायला गेली. डोळे साथ देत नसताना इबू माझ्यासाठी महिनाभर एका कापडावर खपल्या, कोपऱ्यात मेणानं माझं नाव घातलं. ते हातात आल्यावर मला राहवलं नाही. काल त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी कापडाची घडी घातली. मग म्हणाल्या, "त्याचं आहे, त्याला पाठव." मी विचारलं, कोपऱ्यातल्या नावाचं काय करू? म्हणाल्या, "रंगात बसलेलं नाव आता निघायचं नाही. तसंच जाऊ दे. ते तिथं कसं आलं, हे तू स्वतः लिहून कळव." ते कळवलं. कापड सोबत आहे.

कापड ठेवून घेतलंस तर अजूनही तुझाच,
रुस्दी