बाबा नावाचा प्रोग्रॅम

६ जानेवारी, सोमवार
आले एकदाची मांडव्याला! तळ्याहून रोहा, रोह्याहून अलिबाग, पुढे रिक्षा, आणि मांडीवर आईने बांधून दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. बोट कंपनीचं ऑफिस जेट्टीच्या तोंडाशीच आहे. खिडकीतून पाणी दिसतं. मला मात्र मागच्या एसीच्या खोलीतला सर्व्हर जास्त आवडला. तिकिटं, बोटींची ये-जा, सगळं त्याच्यावर चालतं आणि आजपासून तो माझ्या ताब्यात. आई म्हणाली होती, एवढं शिकून शेवटी पेटीच राखायची ना? म्हटलं, हो, पण लिनक्सची पेटी.

ऑफिसचे खरे राखणदार दयारामकाका. आधी मिठागरात होते, आता इथे वॉचमन. चहा झकास करतात. संध्याकाळी निघताना मी सहज "जाते काका" म्हटलं तर भडकलेच. जाते म्हणू नये, येते म्हणावं. हे आईही सांगते, पण ती एवढी रागावत नाही.

८ जानेवारी, बुधवार
शेवटची बोट लागली की सर्व्हर अडखळतो. चालू कामांची यादी काढली तर तिच्यात मेलेल्या कामांचाच बाजार. आमच्या धंद्यात त्यांना झॉम्बी म्हणतात. नाव भयंकर, प्रकार साधा. एक प्रोग्रॅम दुसऱ्याला जन्म देतो. हा बाप, ते पोर. पोराचं काम संपलं की ते मरतं, पण मरताना बापासाठी शेवटचा निरोप ठेवतं. बापाने तो ऐकला की यादीतून पोराचं नाव निघतं. ऐकलाच नाही तर नाव तसंच अडकून राहतं. त्या पोराला मारताही येत नाही, कारण मेलेल्याला काय मारणार? मग बापालाच मारायचं. पोरं दुसऱ्याच्या पदरात जातात, तो त्यांचा निरोप ऐकतो आणि ती सुटतात.

या बापाचं नाव वाचून मला हसूच आलं. लिहिणाऱ्याने प्रोग्रॅमला नाव ठेवलंय 'बाबा'. रोज संध्याकाळी बाबा एका पोराला पाठवतो, सगळ्या बोटी परतल्या का ते बघायला. लिहिणारा कुणी प्रज्योत, माझ्या आधी याच खुर्चीत बसायचा. काकांना विचारलं, हा प्रज्योत आता कुठे असतो? ते उठून बाहेर गेले.

११ जानेवारी, शनिवार
कँटीनच्या केसरताईंनी सांगितलं. प्रज्योत काकांचा मुलगा. गेल्या मे महिन्यात नांगरलेल्या बोटीवरचं यंत्र दुरुस्त करायला होडी घेऊन गेला. होडी सापडली, तो नाही. काकांनी त्याचे दिवसही करू दिले नाहीत. कुणी समजवायला गेलं की एकच उत्तर, "पोर येतो बोलून गेलाय. जातो न्हाय बोलला."

मी डबा तसाच बंद केला. आणि मी पहिल्याच दिवशी त्यांना 'जाते' म्हणाले होते.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत
मुंबईच्या ऑफिसातल्या माझ्या साहेब, मृणाली मॅडम, फोनवर म्हणाल्या की बाबा बंद करून टाक. काकांनी ते ऐकलं असावं. मी तिळगूळ दिला तो त्यांनी हातातच धरून ठेवला आणि हळू आवाजात सगळं सांगितलं.

शेवटची बोट लागली की सर्व्हरच्या खोलीतून हाक येते. "बाबा, आयलो." रोज. काका दाराकडे पाठ करून बसतात. वळून 'आयलास?' म्हटलं की जो दिसेल तो मेलेला असेल. ऐकलंच नाही, तर पोर अजून यायचाय. म्हातारा भ्रमात आहे असं मला वाटलं, आणि तरी अंगावर काटा आला. यादीत त्याला जागा पुरत नाही हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. म्हणाले, "जरा जागा वाढव ना गो पोरी."

वाढवली. मर्यादा बदलायला एक ओळ पुरते. मॅडमना कळवलं, ट्यूनिंग केलंय. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

१८ जानेवारी, शनिवार
वाढवलेली जागाही भरली. तिकिटं अडली. सुट्टीची गर्दी, जेट्टीपर्यंत रांग, लोकांच्या शिव्या. मॅडमचे फोनवर फोन, आणि माझी नोकरी अजून कच्ची.

दार लावून घेतलं आणि बाबाला मारलं.

यादी क्षणात रिकामी झाली. सर्व्हर पळायला लागला. मॅडम शाब्बास म्हणाल्या. मी काकांची माफी मागायला बाहेर आले. ते खुर्चीत बसले होते, दाराकडे पाठ करून. हातात चहाचा कप, एक थेंबही सांडलेला नाही. खांद्याला हात लावला तर अंग गार.

१९ जानेवारी, रविवार
डॉक्टर म्हणाले, हार्ट. वय झालं होतं.

मी एक प्रोग्रॅम बंद केला. माणूस नाही. प्रोग्रॅम.

२० जानेवारी, सोमवार
यादी पुन्हा भरली आहे. बाबा नाही, तरी पोरं परत आली. सगळी तीच, जुनी. बापाच्या रकान्यात आता माझं नाव. रुचिका.

दुसऱ्याच्या पदरात जातात — मीच लिहिलंय वर.

२१ जानेवारी
शेवटची बोट लागली आणि खोलीतून आवाज आला. नुसतं "आयलो." बाबा म्हणाला नाही. बाबा नाहीत हे त्याला कळलंय.

मी वळले नाही. पळाले. काका, तुमचं चुकत नव्हतं, मला तेव्हा कळलं नाही.

२२ जानेवारी
मॅडमचा मेसेज. तीच कटकट परत दिसतेय, तू त्रास घेऊ नकोस, शेवटची बोट लागली की मी इथूनच बापाला मारते.

फोन उचलत नाहीत. यादीतलं माझं नाव पुसलं जात नाही. लॉगआउट होत नाही —

बोट लागतेय. दोर टाकला.

निरोप ऐकला तर पोर सुटेल. मग मारायला बापच उरणार नाही. एकच शब्द, पण वळून म्हणायचा. लिहीत राहिलं की वळावं लागत नाही, म्हणून —

पाठीमागे थेंब पडताहेत. मिठाचा वास.

"आयलो."

किती दमलेला आवाज. बिचारा, मे महिन्यापासून दारातच उभा — कुणी नुसतं आलास म्हणत नाही —

म्हणते. वळते. प्रज्योत, आय