शिवणीवरची पिवळी कड

३ फेब्रुवारी
पुन्हा ताप! दोन वर्षांपूर्वी बसवलेली धातूची झडप छातीत टिकटिकतेय, पण आवाज बदललाय. आयुष्यभर पंप दुरुस्त केले. बेअरिंग गेलं की मला गल्लीच्या तोंडाशी कळतं. डॉक्टर म्हणतात, "काका, कानांनी निदान होत नसतं." रक्तात जंतू मात्र सापडले. झडपेवर बसलेत का, ते सोनोग्राफीत नीट दिसेना.

६ फेब्रुवारी
उद्या स्कॅन. आज गोड, भात, फळं बंद — नुसती अंडी नि मटण. हृदयाची साखर तोडायची, म्हणजे सुईतून दिलेली किरणोत्सारी साखर जिथे दाह आहे तिथेच गोळा होते, ती जागा उजळते. ही म्हणाली, "अहो, एरवी बायकोचं इतकं ऐकलं असतंत तर!" हसलो.

७ फेब्रुवारी
झालं. नर्सने बजावलं, "आजचा दिवस गरोदर बायका नि लहान मुलांपासून लांब."
"आमच्याकडे दोन्ही नाहीत," लेक म्हणाली. हसत म्हणाली, पण आवाज चिरकला. लग्नाला नऊ वर्षं झाली तिच्या. घरी येईपर्यंत माझा हात धरून होती.

९ फेब्रुवारी
चित्र पाहिलं. झडपेच्या शिवणीवर पिवळी कड. बसलेच आहेत! सहा आठवडे इंजेक्शनं. नाही भागलं तर पुन्हा छाती उघडायची. साफ सांगितलं — एकदा करवतीखालून गेलोय, आता नाही.

१ मार्च
ताप उतरतो, चढतो. झोप नाही.

२४ मार्च
इंजेक्शनं लागू पडली का, ते बघायला पुन्हा स्कॅन. बाहेर आलो तर लेक दाराशीच उभी. पुढे येईना. टॅक्सीतही ड्रायव्हरशेजारी बसली! ताट हिनेच वाढलं. लेकीला डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय. माझ्याकडे बघवत नाहीये तिला.

२६ मार्च
कड उलट जाड झालीय. डॉक्टर म्हणाले, "शिवण सुटली तर वेळ मिळणार नाही. ठरवा."
"ठरलेलंच आहे. नाही."
ही रडली. लेकीने शेजारी बसून हात धरला. परवा लांब, आज जवळ?

२७ मार्च
पहाटे नर्सचे स्कॅनच्या दिवशीचे शब्द आठवले: "आजचा दिवस लांब." अंथरुणात उठून बसलो!
डॉक्टरांना फोन केला. "उघडा."
"अचानक काय झालं, काका?"
"वर्षअखेरीला दोन्ही हात धड हवेत. एक जण उचलायचाय."
लेकीला विचारलं नाही. सांगेल तेव्हा दचकून दाखवीन.