मेलाती फोटोचे निळे डॉक्टर

सालातिगा, सोमवार. दुकान उघडून तास झाला, गिऱ्हाईक नाही.

माझी धाकटी बहीण सुकेसी हिला मेलाती फोटो स्टुडिओच्या काउंटरवरून दादाचे पोटभर आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या नवऱ्याचा, प्रावोतोंचा, पिंजऱ्यातला कवडा अजून घुमतो, की पाहुणे आले की गेल्या वेळेसारखा पाठ करून बसतो? इथे सगळं ठीक. (सगळं म्हणजे जवळजवळ सगळं. ते खाली येईलच.)

इथल्या हॉस्पिटलला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांचं पुस्तक निघतंय आणि त्यातले बारा फोटो माझे असणार होते. होते म्हणतो, कारण ते दोनदा परत आले, आणि तिसऱ्यांदा जमलं नाही तर काम सेमारांगच्या कुणा ड्रोनवाल्याकडे जाणार होतं. (वॉर्डात ड्रोन कुठे उडवणार, देव जाणे.) चाळीस वर्षं या गावाची लग्नं, सुंता, ओळखपत्रं मी काढली, आणि पुस्तकावर नाव लागायची वेळ आली तेव्हा हे असं. आत्ताच सांगून ठेवतो, झालं काय ते मला अजूनही नीट कळलेलं नाही.

पुस्तकाचं काम बघणाऱ्या बू विनार्नी फार गोड बाई. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, सगळं अगदी नैसर्गिक हवं. फक्त चादरींना इस्त्री हवी, नर्स हसरी हवी पण खिदळणारी नको, पेशंट आजारी दिसावा पण फार नाही, आणि ज्याने कागदावर सही दिली नाही त्याचा चेहरा दिसता कामा नये. मी म्हटलं, बरं. संशोधनाच्या खोलीत गेलो, तर संशोधन म्हणजे दोन माणसं खुर्चीत बसून पडद्याकडे बघतायत, ती दुपारपर्यंत. शेवटी मीच त्यांना काचेच्या नळ्या उजेडात धरायला लावल्या. एक जण मला आदराने म्हणाला, "पाक, या रिकाम्या आहेत." मी म्हटलं, "मग भरल्यासारख्या धरा."

फोटो दिले. बू विनार्नी म्हणाल्या, "वा पाक, किती शांत वाटतंय!" आणि परत दिले. घरी नेऊन रंग पुन्हा सरळ केले. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "अगदी पहाटेसारखं ताजं!" आणि परत दिले. आता तूच सांग, शांतही आहे, ताजंही आहे, तर परत का? मला विचारवत नव्हतं, त्यांना सांगवत नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांना आणखी चहा घ्या, आणखी चहा घ्या म्हणत अर्धा तास बसलो. माझ्या मते दोष कोटांचा होता. डॉक्टरांचे कोट चहात बुडवून काढल्यासारखे पिवळे! ते पांढरे दिसावेत म्हणून मी कॉम्प्युटरवर त्यांतला पिवळा काढत गेलो, काढत गेलो. मग तळलेल्या टेम्पेच्या कापांची पिशवी घेऊन हॉस्पिटलच्या धुण्याच्या खोलीत गेलो आणि तिथल्या बू कातिनींना आडून आडून सुचवलं की साबण बदलून बघावा. त्यांनी एक कोट माझ्या नाकापर्यंत आणला, कोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "हो पाक, बदलू." (साबण बदललेला दिसत नाही. काप मात्र ठेवून घेतले.)

राहिला होता डोळ्यांचा विभाग. तिथे मोतीबिंदूवर संशोधन करणाऱ्या डॉक्टर तिउर्मा या बाताक जमातीच्या, तोबा सरोवराकडच्या. त्या कुजबुजल्या तरी फाटकावरच्या पहारेकऱ्याला ऐकू जातं. त्यांच्या डोळे तपासायच्या यंत्रासमोर जे आजोबा बसवले होते ते इतके ताठ, की लष्करात भरतीला आल्यासारखे. मी म्हटलं, उठा, सैल कसं बसायचं ते मी दाखवतो. बसलो, हनुवटी टेकवली, चेहऱ्यावर जरासा आजार आणला. "हे असं." पलीकडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाक, हलू नका." मी खूश, बाईंना माझी बैठक आवडली. मग त्या म्हणाल्या, "फोटो तुम्ही काढता? या डोळ्यांनी?" त्यांनी बू विनार्नींना बोलावून माझे छापलेले फोटो बघितले, आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं विचारलं, "अहो, हे डॉक्टर निळे का आहेत? सगळे बुडून मेल्यासारखे! यांना कुणी सांगितलं कसं नाही?"

बू विनार्नी जमिनीकडे बघत म्हणाल्या, "आम्ही... शांत म्हटलं होतं."

तर मोतीबिंदू आहे म्हणे, दोन्हीकडे, उजवा पुरता पिकलेला. तो जगाला पिवळं करत होता आणि मी दोन वर्षं जग धूत बसलो होतो. कॅमेऱ्यातले मूळ फोटो, ज्यांना मी हातही लावला नव्हता, ते बू विनार्नींनी तिथल्या तिथे उघडले. सगळेच्या सगळे पसंत! माझं नाव लागणार. मला आनंद व्हायला हवा ना? पण सुकेसी, माझी चाळीस वर्षांची कारागिरी वगळली तर मी चांगला फोटोग्राफर आहे, असं यातून निघतं. त्यावर चेहरा कसा करायचा ते अजून ठरत नाही. एवढं सगळ्यांदेखत बोलल्या म्हणून राग यायला हवा होता, तोही आला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना टेम्पेचे काप नेऊन दिले. म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

प्रावोतोंना नमस्कार सांग. कवड्यालाही.

तुझा दादा,
पाइमिन

ता. क. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी आहे. घरच्या माणसाची सही लागते. पोरं दोघंही समुद्रापलीकडे कालिमांतानात, आणि तुझी वहिनी जाऊन तीन वर्षं झाली. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, बहिणीला उगाच त्रास कशाला. (त्या म्हणाल्या, "द्या त्रास!") तर येशील का? भीती वगैरे काही नाही. रविवारीच ये.

ता. क. दुसरा. तुझ्या लेकीच्या, रातिहच्या लग्नाचा अल्बम गेल्या वर्षी मीच केला होता. तू म्हणाली होतीस, "फोटो फार शांत आलेत, दादा." आणि प्रावोतो म्हणाले होते, नवरी दक्षिण समुद्राच्या राणीसारखी दिसते. त्यातला सगळ्यात मोठा फोटो मी दुकानाच्या दर्शनी काचेत लावलाय. खरं काय ते सांग.

ता. क. तिसरा. लिहायला अवघड वाटत असेल तर राहू दे. फक्त येताना तुझा तो पिवळा केबाया आण, आणि पट्टी सोडतील तेव्हा तो घालून समोर उभी राहा. खरा पिवळा मला आधी तुझ्या अंगावर बघायचाय. बटणं लागत नसतील तर पिना लाव. मी शांत म्हणेन.